खोडलेला रे

आठवीत शाळेच्या बँडपथकात माझ्या वाट्याला ट्रॉम्बोन आला तो केवळ वर्गात माझे हात सर्वांत लांब होते म्हणून, आणि तरीही ते पुरेसे लांब नव्हते. या वाद्याची नळी सात जागी सरकते. आम्ही शिकलेल्या बी फ्लॅट पट्टीतला खालचा सा नळी पूर्ण आत असताना, म्हणजे पहिल्या जागी मिळतो, तर त्याला लागूनचा रे थेट सहाव्या जागी. माझा हात तिथवर पोहोचत नसे, त्यामुळे माझा रे नेहमी चढा लागे. लष्करी बँडमधून निवृत्त झालेले आमचे सर त्यावरून कधी रागावले नाहीत. त्यांनी माझ्या कागदावरचा रे खोडून तिथे प लिहिला, कारण तो त्याच स्वरमेळातला, म्हणजे तिथे एकत्र वाजणाऱ्या सुरांपैकी, आणि पहिल्याच जागी मिळणारा होता.

बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली, 1824 साली व्हिएन्नात प्रथम सादर झालेली आनंदगीताची धून सरांनी आमच्यासाठी अशीच बेतली होती. ‘ग ग म प, प म ग रे’ अशी ती चाल जवळजवळ सगळी सा ते प एवढ्यातच फिरते. एकदाच मंद्र पंचमाला उतरते. तो सूर ट्रंपेटवाल्या मुलांना पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबूनही नीट लागत नसे, म्हणून तेवढा सूर माझ्याकडे आला आणि त्या एका फुंकेसाठी मी अख्खी ओळ वाट पाहत असे. मूळ चालीत शेवटची ओळ एक मात्रा आधीच उचलते. पहिल्या वर्षी सरांनी ती सरळ समेवर आणून ठेवली. दुसऱ्या वर्षी काही न सांगता मूळ जागी नेली, तेव्हा निम्मे पथक कोलमडले.

चेक संगीतकार द्वोर्झाकच्या 1893 सालच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतल्या संथ धूनेला मात्र दमच पुरत नसे. एकाने सूर धरायचा, तेवढ्यात शेजाऱ्याने श्वास घ्यायचा, अशी वाटणी सरांनी लाल पेन्सिलीने लिहून दिली होती. घरी मी ती गुणगुणू लागलो तेव्हा नाट्यपदांना पेटीची साथ करणारे आमचे आजोबा म्हणाले, “अरे, हा तर भूप!” भूप तो नव्हे, पण ‘ग प प, ग रे सा’ एवढे ऐकून सांगलीतल्या पेटीवाल्याने दुसरे काय म्हणावे?

दहावीच्या वर्षी सरांनी माझा जुना कागद मागून घेतला, मला नळी पूर्ण लांबवायला लावली, हाताकडे पाहिले, आणि प खोडून पुन्हा रे लिहिला.