उगवतीला कोण?

मी वकील. गेल्या महिन्यात आमच्या एका निरंतर मनाईच्या दाव्यात, म्हणजे समोरच्यानं रानात कायमची ढवळाढवळ करू नये अशा हुकुमासाठीच्या दाव्यात, माझ्या पक्षकार आजींची उलटतपासणी झाली. निकाल अजून लागायचाय, पण तो दिवस काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो.

लोकांना वाटतं सातबारा नावावर आहे ना, मग झालं. पण मनाई मागायची तर दावा दाखल केला त्या दिवशी रानात प्रत्यक्ष कोण होतं हे कोर्ट बघतं, आणि ते वादीनंच, म्हणजे दावा लावणाऱ्यानंच, शाबीत करायचं असतं. महसूल संहितेच्या कलम 157 नं सातबाऱ्यावरची नोंद खरी धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. आजींचं रान 1 हेक्टर 20 आर, भांडण खालच्या पट्टीतल्या 32 आरचं. प्रतिवादीचं म्हणणं असं की आजींच्या यजमानांनी 2009 साली ती पट्टी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिली आणि ताबाही दिला. रजिस्टर नसलेल्या त्या कागदानं मालकी जात नाही, आणि 2001 च्या दुरुस्तीनंतर असल्या कागदावर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53अ चं, म्हणजे लेखी करारावर ताबा घेतलेल्याला मिळणारं, संरक्षणही मिळत नाही. पण ताब्याचा प्रश्न तरी उरतोच.

दावा डिसेंबर 2021 चा, पट्टीत तूर उभी होती. आणि नेमकं त्याच खरिपाला, 15 ऑगस्टला, पीकपाहणी ॲपवर आली, ई-पीक पाहणी, शेतकऱ्यानंच फोनवरून आपलं पीक नोंदवायचं. आजींकडं साधा फोन. त्यामुळं ज्या वर्षाची पीकपाहणी आम्हाला हवी होती त्याच वर्षी नमुना 12 चा, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागाचा, रकाना कोरा! आधीच्या सगळ्या वर्षांना पिकं लागलेली आहेत, आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं रान कसलं तिचा हंगाम सरकारी कागदावर नाही याचा मला अजून राग येतो. पंपाचं लाईटबिल, सोसायटीचं पीककर्ज, सगळं अख्ख्या गटाचं, खालची पट्टी त्यातून वेगळी काढताच येत नाही. कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टानं जागेवर पाठवायचा माणूस, मागावा म्हणलं तर त्याला मोजणीला, अतिक्रमण दाखवायला नेमतात, ताबा कोणाचा हे सांगायला नाही. शेजारी साक्षीला यायला तयार नाहीत, त्यांना गावात राहायचंय.

शेवटी आला तो ट्रॅक्टरवाला. त्याची डायरी, ऑइलच्या बोटांनी काळी झालेली, जूनच्या पानावर "खालची पट्टी पेरणी 2 तास", पुढं आजींचं नाव आणि बाकी. समोरच्या वकिलांनी शाईवरून पुष्कळ विचारलं, तो एकच सांगत राहिला की बाकी अजून मिळाली नाही साहेब, खोटं कशाला लिहू. डायरीला निशाणी पडली, म्हणजे ती पुराव्यात आली. इतका नेटका पुरावा मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

तो पुरावा जिथं अडकला ती चूक माझी. दाव्यातल्या मिळकतीच्या वर्णनात चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोणाचं रान ते, मी 1988 च्या खरेदीखतातून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. आमच्यात सगळे असंच करतात, रानात जाऊन कोणी बघत नाही, आणि हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. समोरच्या वकिलांनी विचारलं, आजी, पूर्वेला कोण? आजींना पूर्व कळेना. मग म्हणाले उगवतीला. आजींनी पिंजऱ्यातूनच हात केला आणि म्हणाल्या, ते कवाच इकून गेले, आता गुरुजींचं रान हाय. म्हणजे दाव्यात लिहिलेली पूर्वेची हद्द चुकीची आहे? व्हय, चुकीची हाय. आणि न्यायाधीश साहेबांनी टायपिस्टला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की दाव्यातील पूर्वेची चतुःसीमा चुकीची आहे."

फेरतपासात, म्हणजे उलटतपासणीनंतर मला पुन्हा विचारता आलं तेव्हा, मी गुरुजींनी ते रान कधी घेतलं, कोणाकडून घेतलं हे काढून घेतलं. गट नंबर बरोबर आहे, जमीन तीच आहे, युक्तिवादात जोर त्यावरच दिला. पण ते वाक्य रेकॉर्डवर आहेच. दावादुरुस्ती साक्षी सुरू व्हायच्या आधी केली असती तर सहज झाली असती. आणि दुसरं, पर्यायी मागणी म्हणून ताबा का नाही मागितला मी? तेव्हा वाटलं, तसं मागितलं तर ताबा आपल्याकडं नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. आता रात्री तेच आठवतं.

बाहेर आल्यावर आजींनी विचारलं, माझं काय चुकलं का? मी म्हणलं नाही आजी, तुम्ही खरं तेच सांगितलं. त्यांनी खरंच तेच केलं होतं.

परवा त्यांचा फोन आला, "वकीलसाहेब, पाऊस झालाय, खालच्या पट्टीत तूर टाकू का निकाल येईस्तोर थांबू?" निशाणी 5 च्या अर्जावरची, निकालापर्यंतची तात्पुरती मनाई चालू आहे, म्हणलं पेरा. आणि उगवलं की नातवाला घेऊन पट्टीतच उभं राहा, पीकपाहणीचा फोटो तिथूनच काढायला लावा. त्या म्हणाल्या, नातू यायचाय रविवारी.