साडेबारा क्विंटल आणि वरचा अर्धा रुपया

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. या भावाने साडेबारा क्विंटलचे होतात ९४,०१२ रुपये ५० पैसे. पन्नास पैशांचं नाणं आता कोणी हातावर ठेवत नाही, तेव्हा समजा रक्कम पूर्ण रुपयात करायची ठरली. एक्सेलचं राऊंड सांगतं ९४,०१३. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं राऊंड म्हणतं ९४,०१२. कास्तकार विचारणारच, "माहा रुपया कुठी गेला बावा?"

रुपया कोणी खाल्ला नाही. अर्धा उरला की वर ढकला, हे आपण शाळेत शिकलो आणि एक्सेल तेच करतं. पायथनची दुसरी आवृत्तीही तेच करायची. तिसरीपासून नियम बदलला: नेमका अर्धा उरला तर जवळच्या सम संख्येकडे जा. म्हणून २.५ चे २, पण ३.५ चे ४. ऐकायला चक्रमपणा वाटतो, पण प्रत्येक अर्धा वरच ढकलत गेलं तर हजार बिलांची बेरीज खऱ्यापेक्षा फुगत जाते. कधी वर, कधी खाली गेलं की बरंचसं आपसात फिटतं. संगणकातल्या अपूर्णांकांच्या आकडेमोडीसाठी असलेल्या १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानेही हाच नियम मुळात धरलाय. ज्याच्याकडे हजार बिलं आहेत त्याच्यासाठी तो चांगलाच आहे. कास्तकाराकडे मात्र वर्षाला दोन-चार बिलं. त्याला सरासरीशी काय घेणं?

निदान साडेबारातला अर्धा खरा अर्धा तरी आहे. २.६७५ दोन दशांशांपर्यंत करायला सांगा, पायथन २.६८ न देता २.६७ देतो. इथे सम-विषमाचा संबंधच नाही. संगणक २.६७५ साठवतो तेव्हाच आत २.६७४९९९९९… असं काहीतरी बसतं, म्हणजे अर्ध्याला तो पोचलेलाच नसतो. त्याला फक्त अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं, एवढंच नेमकं जमतं. एक-तृतीयांश दशांशात लिहायला बसलं की ०.३३३… संपत नाही. संगणकाची हीच गत एक-दशांशाला होते.

हे मी आमच्या आबाजींना सांगत होतो. त्यांची पावकी, निमकी, पाउणकी अजून तोंडपाठ आहे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे त्यांनी स्वतः मोजलेत. ऐकून म्हणाले, "मंग तुह्या कम्प्युटरले आमचा हिशोब येते, तुमचा नाई येत!" खरंच आहे. पाव, अर्धा, पाऊण त्याला तंतोतंत कळतात. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, जुना पैसा चौसष्टावा. दोन्ही बिनचूक बसतात. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, रुपयाचा शंभरावा, आणि तो मात्र या यंत्राच्या घशात अडकतो. (पैसुद्धा अडकली असती. रुपयाच्या १९२ पै, आणि १९२ मध्ये तीन लपलेला आहे.) म्हणून शहाणा प्रोग्रामर पैशांचा हिशेब रुपयाच्या दशांशात ठेवतच नाही. सगळं पैशांत, पूर्णांकात. रुपया दाखवायचा तो शेवटी, कागदावर.

वाटणीच्या शेतात पूर्णांक घेऊनही सुटका नाही. एक हेक्टर, तीन भाऊ. प्रत्येकाला ३३ आर (आर म्हणजे १०० चौरस मीटर) ३३ चौरस मीटर लिहिलं की एक चौरस मीटर कोणाच्याच सातबाऱ्यावर येत नाही. धुऱ्यावरून कोर्टात गेलेली घरं पाहिलेल्याला विचारा, एक चौरस मीटर म्हणजे काय ते. प्रोग्राममध्ये उरलेलं सरळ शेवटच्याच्या नावावर टाकतात. गावात तसं टाकून पाहा!

या सगळ्यापेक्षा मला जास्त खटकतं ते नुसतं छाटणं, म्हणजे दशांशामागचं सरळ पुसून टाकणं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० वरून सुरू केला. दर व्यवहारानंतर तो नव्याने काढायचे आणि तीन दशांशांनंतरचं छाटून टाकायचे. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो घसरत ५२५ च्या आसपास आला. चूक दुरुस्त करून मोजला तर निघाला १०९८ च्या वर.

आमच्याकडे वेचणीच्या बायांचा कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो. तेवीस किलो सातशे भरला की लिहिणारा म्हणतो, "तेवीस लिहा." कोणी बोललं तर, "सातशे ग्रामसाठी काहून भांडता?" यावर एका बाईने दिलेलं उत्तर: "एका दिवसाचे नोको पाहू. हप्त्याचे जोडून पाय, अन् मंग बोल."