तबेला

मंगळवार, रात्र

दोन वाक्यांची गोष्ट. आज चौथा दिवस, तरी डोक्यातून जात नाही.

शनिवारी सकाळी मालकीणबाई बाजारातून आल्या. चाकांची पिशवी, त्यात कोबी, कांदे, दोन मासे. वर चढायचे तीन मजले आणि लिफ्ट नाही. मी उतरत होते. म्हटलं, "वोसे केर अझूदा?" तुम्हाला मदत हवी का? साधं पोर्तुगीज, धडा पहिला, वाक्य तिसरं. त्या थांबल्या. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "वोसे ए एश्त्रेबारिया." मग पिशवी एकेक पायरीवर आपटत वर गेल्या. टक, टक, टक.

ट्रामच्या थांब्यावर उभं राहून एश्त्रेबारिया शोधलं. तबेला. घोडे बांधतात तो.

म्हणजे मी तबेला.

दिवसभर जॅकेटची बाही हुंगत फिरले. परवा फोडणी दिली होती, लसूण-मेथीची, आणि खिडकी उघडायची राहिली होती. तोच वास असणार. की दुसरंच काही? ते दुसरंच काही इथे लिहीत नाही, आईला फोनवरही सांगितलं नाही. तिला गुडघ्याचंच पुरे आहे. स्वतःशी मात्र म्हटलं, दोन वर्षं झाली, भाडं पहिल्या तारखेला देते, कचरा वेगवेगळा करून खाली नेते, आणि शेवटी मी तबेला.

रविवारी घरात राहवेना म्हणून गाडी पकडून एव्होराला गेले. दीड तास. दोन्ही बाजूंना बुचाची झाडं, खालच्या साली सोललेल्या, लालसर. पोर्तुगीजच्या वर्गातले सगळे जाऊन आलेत, मीच राहिले होते. साओ फ्रान्सिस्कोच्या चर्चमधलं ते हाडांचं प्रार्थनाघर पाहिलं. भिंती, खांब, सगळीकडे कवट्या आणि नळ्या, चुन्यात नीट रचलेल्या, आपल्याकडे कोकणात गडगा रचतात तशा. दारावर ओळ आहे: "नोश ओसुश क आकी इश्तामुश, पेलुश वोसुश इश्परामुश." आम्ही हाडं इथं आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. लोक फोटो काढत होते. मी त्या 'वोसुश'पाशीच अडकले. तुमच्या. मेलेली, अनोळखी हाडंसुद्धा 'तुमच्या' म्हणतात आणि जिवंत बाई मला तबेला म्हणते. तिथे बाकावर बसून रडले थोडं. हाडांमुळे रडतेय असं वाटलं असेल लोकांना.

काल तोर्रे दो तोंबोमध्ये, इथल्या जुन्या दप्तरखान्यात. काम पुढे सरकलं नाही, तीन पानं जेमतेम. मॉन्सूनच्या वह्या, 'लिव्रुश दश मोंसोइंश'. पावसाळ्याच्या वाऱ्याबरोबर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोव्यात जी पत्रं फिरायची, त्यांची बाडं. त्यातली ६२ इथे आहेत, बाकीची पणजीत. पणजी कुडाळहून एसटीने गाठता येते आणि मी मरायला आठ हजार किलोमीटर इकडे आलेय. (काका दर फोनला हे ऐकवतात. त्यांचं चूक नाही.)

लिन्यारेशच्या काउंटच्या वेळची पत्रं चालू आहेत, १६२९ ते १६३५. हा गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः रोजनिशी लिहायचा. त्याला कोणी जिन्यात काही बोललं असेल तर सापडलं नाही अजून. पण पानापानावर 'वोसा मर्से'. पूर्ण लिहायचा कंटाळा म्हणून कारकून नुसती दोन अक्षरं काढतो, व्ही आणि एम, वर एक फराटा. दिवसातून पन्नास वेळा मी त्या फराट्याचं 'वोसा मर्से' करून माझ्या फायलीत उतरवते. 'आपली कृपा' असं काहीसं. आपण 'आपण' म्हणतो तसं. हे सगळं मला माहीत आहे. त्यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे, जे गाइडबाईंनी अजून वाचलेलं नाही.

आणि तरी.

आज वर्गात धीर करून विचारलं. बाई इतक्या हसल्या की खडू खाली पडला. ती शिवी नव्हे, टोला आहे म्हणे, आज्या पोरांना मारतात तो. पोराने 'वोसे' म्हटलं की आजी म्हणते, वोसे तबेल्यात! म्हणजे ते संबोधन तिकडचं, माझ्याशी बोलताना नको. ब्राझीलमध्ये वोसे रोजचं. मी ते तिथल्याच अ‍ॅपवरून उचललं, म्हणून माझ्या तोंडात बसलंय. इथे मोठ्या माणसाला वोसे म्हणजे जरा अंगावर आल्यासारखं.

मग बाईंनी फळ्यावर एक वंशावळ काढली. वोसा मर्से, वोसमसे, वोसे. मी बघतच राहिले. एके काळी राजाला म्हणायचे ते. मग सरदारांना, मग व्यापाऱ्यांना. १५९७ मध्ये फिलिप राजाने कोणी कोणाला काय म्हणायचं याचा कायदाच काढला, इतकी ओढाताण चालली होती. शब्द झिजत झिजत खाली आला आणि आता तबेल्यात. दिवसभर ज्याची थोरवी फायलीत उतरवते, तोच शब्द शनिवारी जिन्यात माझ्या तोंडात होता, आणि मी ओळखला नाही.

म्हणजे अपमान माझा झाला नव्हता. मी केला होता. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वासाचा संशय होता तोवर निदान रागावता येत होतं.

आणि हे माझ्याकडून दुसऱ्यांदा झालंय. पुण्यात पहिल्या महिन्यात मेसच्या काकूंना म्हटलं होतं, "काकू, तू जेवलंस?" आमच्याकडे आजीला तू, आईला तू, देवाला तर तूच. काकूंनी आमटीची पळी तशीच धरून ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, "आम्ही नंतर जेवतो." त्या 'आम्ही'त सगळं आलं. त्यानंतर मी पुण्यात शहाणी झाले. कोणाला तू, कोणाला तुम्ही कळेना की वाक्यातून माणूसच काढून टाकायचा. जेवण झालं का? कुठून येणं झालं? चहा घ्यायचा ना? तू नाही, तुम्ही नाही, कोणी दुखावत नाही.

आज बाईंनी शेवटी हाच तोडगा सांगितला! सर्वनाम टाळा, नुसतं क्रियापद ठेवा. किंवा समोरच्याबद्दल तिसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं बोला. 'सेन्योराला मदत हवी का?' तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मालकीणबाई मला पहिल्या दिवसापासून 'आ मनीना' म्हणतात. मुलगी जेवली का? मुलीला थंडी वाजते का? पहिल्या आठवड्यात मी मागे वळून बघायचे, दुसरी कोण मुलगी आलीय म्हणून. दोन वर्षं ती बाई माझ्याशी इतकं अदबीनं बोलतेय, आणि मी?

तर माफी मागायची. तोंडाने जमणार नाही, पुन्हा काहीतरी निसटेल. चिठ्ठी लिहिली. माझं चांगलं पोर्तुगीज सगळं सतराव्या शतकातलं, त्याला इलाज नाही, म्हणून तसंच लिहिलं: वोसा मर्सेंनी या अज्ञ मुलीला क्षमा करावी.

आणि दोन प्रती केल्या. जहाजं बुडायची म्हणून एकच पत्र वेगवेगळ्या जहाजांतून पाठवायचे, वर लिहायचे पहिली व्हिया, दुसरी व्हिया. (इथल्या सरकारी कार्डाच्या दुय्यम प्रतीलाही अजून 'दुसरी व्हिया'च म्हणतात. माझं कार्ड हरवलं तेव्हा खिडकीवरच्या बाईंसमोर मी उगाच हसले होते.) तर पहिली व्हिया त्यांच्या दाराखालून आत सरकवली. दुसरी आम्हा दोघींच्या फ्रिजवर, सार्डिनच्या चुंबकाखाली.

लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेलं पत्र सप्टेंबरात गोव्याला पोचायचं, उत्तर डिसेंबर-जानेवारीत तिथून निघायचं. लोक दीड दीड वर्ष वाट बघायचे. मी बारा वाजेपर्यंत तीनदा पाणी प्यायला उठलेय.

उद्या बघू.

बुधवार, सकाळ

फ्रिजवरची व्हिया जागेवरच आहे. 'परदाउं'मधल्या आ-वरची नागमोडी रेघ द्यायची मी विसरले होते, ती लाल पेन्सिलीने दिलीय. बाकी एक अक्षर नाही. दाराखालच्या व्हियाचं काय झालं कळायला मार्ग नाही. बुडाली असेल.

खिडकी मात्र उघडी होती, आणि गॅसवर माझं भांडं घासून पालथं घातलेलं.