गवयाचे किस्से कसे ऐकावेत

सवाई गंधर्व महोत्सवात एकाचं गाणं संपून दुसऱ्याचे तंबोरे लागेपर्यंत चहाच्या रांगेत उभं राहून बघा. नुकत्याच झालेल्या मारवा रागावर दोन वाक्यं होतात, 'बढत छान होती' वगैरे, आणि गाडी थेट अण्णा (भीमसेन जोशी), किशोरीताई (आमोणकर) आणि कुमार गंधर्वांकडे वळते. कोण घरातून पळालं, कोणी कोणाला मैफलीतून उठवलं, कोण बिदागी किती घ्यायचं. मारवा तिथंच राहतो.

याला भोचकपणा म्हणून मोकळं होता येतं, पण ख्याल गायकीपुरतं तरी ते अर्धवट उत्तर आहे. तीन तासांची बैठक कोणालाच घरी नेता येत नाही. एखादी जागा, म्हणजे खास सुरावट, कशी घेतली ते शब्दांत सांगता येत नाही आणि गाऊन दाखवायला गळा हवा. किस्सा मात्र सांगता येतो. शिवाय इथं वाद्य म्हणजे माणूसच. सतार तडकली तर दुसरी आणतात, गळा गेला तर गेला. त्यामुळे गवई काय खातो, काय पितो, किती झोपतो, कशानं आजारी पडला, ही चौकशी वाद्याचीच चौकशी ठरते. आणि ज्या तालमीतून हे सगळं तयार झालं, ती पिढ्यानपिढ्या बंद दाराआड चाललेली. श्रोत्याला दिसतो फक्त शेवट. मधली पंधरा वर्षं तो गोष्टींनी भरून काढतो.

भरताना तो साचे वापरतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. घर सोडलेला मुलगा, पाणी भरून घेणारा गुरू, पानातून शेंदूर घालून आवाज घालवणारा दुष्ट प्रतिस्पर्धी: ही पात्रं इतक्या गवयांच्या चरित्रांत येतात की शेंदराचा किस्सा ऐकला की मी आधी विचारतो, हाच आणखी कोणाबद्दल ऐकलाय का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' येतं. दोन वेगळ्या माणसांवर जसाच्या तसा बसणारा किस्सा दोघांबद्दलही फारसं काही सांगत नाही.

भीमसेन जोशींचं घर सोडणं घ्या. जन्म 1922, घर सोडलं 1933 मध्ये, अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून कान पेटले होते. निमित्त म्हणून जेवताना तुपावरून झालेलं भांडण सांगतात. बिनतिकीट प्रवास, ग्वाल्हेर, जालंधर आणि शेवटी 1936 मध्ये कुंदगोळला सवाई गंधर्व. किस्सा इथं संपतो आणि पुढचं वाक्य थेट 'आणि भीमसेन झाले' असं येतं. पण खरा मामला याच्या पुढं आहे. गुरूकडे कळशा वाहण्यात गेलेले दिवस सगळ्यांना पाठ असतात. त्यांना मुख्यतः तोडी, मुलतानी आणि पूरिया या मोजक्या रागांचीच तालीम मिळाली, हे मात्र क्वचित कोणी सांगतं. गाण्याच्या दृष्टीनं मोलाचं तेच आहे. त्यांची मुलतानी ऐकताना कोमल रिषभ आणि तीव्र मध्यमावर कान ठेवा. प्रत्येक स्वर कुठून, किती वजनानं आणि किती वेळ लावायचा याचा वर्षानुवर्षं केलेला हिशेब तिथं ऐकू येतो. तुपाच्या वाटीतून तो येत नाही.

आवाज गेल्याचा किस्सा त्यापेक्षा दमदार, कारण त्यात शरीर आणि शैली यांचा सांधा सापडल्यासारखा वाटतो. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आमलेटा संस्थानात अति गाण्यानं बसला, पहिल्यासारखा परत आला नाही आणि त्या गळ्याला झेपेल अशी गायकी त्यांनी बांधली, ती जयपूर-अत्रौली घराण्याची. मांडणी देखणी आहे आणि तिच्यात तथ्यही असावं. पण बसलेल्या आवाजातून नवी गायकी उभी राहायची तर आधी पोतडीत चिजांचा (बंदिशींचा), अनवट रागांचा साठा लागतो. तो खाँसाहेबांकडे होता. आवाज तर कित्येकांचे बसले, त्यांची घराणी झाली नाहीत.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत हाच सांधा कानानं तपासता येतो, म्हणून तिथं जरा थांबू. तारखा पक्क्या आहेत. जन्म 1924, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, 1947 मध्ये भानुमतींशी लग्न, क्षय, जानेवारी 1948 मध्ये देवासला मुक्काम, सुमारे पाच वर्षं गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि जीव वाचला. 1953 च्या सुमारास पुन्हा मैफल. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं होतं हेही खरं. यावरून निघालेला सर्वमान्य निष्कर्ष असा: दम पुरत नव्हता, म्हणून कुमार छोट्या छोट्या तुकड्यांत गायचे.

तपासायची पद्धत साधी आहे. आजारापूर्वीची एक 78 आरपीएमची रेकॉर्ड घ्या आणि नंतरच्या काळातलं एक मैफलीचं ध्वनिमुद्रण. दोन्ही ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एका श्वासापासून पुढच्या श्वासापर्यंत खुणा करत जा. दोन्हीकडचे वीस-वीस तुकडे पुरेत. मुखडा, म्हणजे बंदिशीची सारखी परत येणारी ओळ, सोडून द्या, कारण त्याची लांबी बंदिशीनं ठरवलेली असते. ताना वेगळ्या मोजा. लय शक्यतो जुळती ठेवा: द्रुत तीनतालाशी विलंबित ताडून काही हाती लागत नाही.

यात चार ठिकाणी फसगत होते. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यामुळे तिथं सगळेच घाईत गातात. जुनं गाणं अगदी लहानपणचं असेल तर तो दम आणि तो गळा मुलाचा. तबकडीच्या खरखरीमध्ये श्वासाचा आवाज बुडून जातो आणि दोन तुकडे एकच वाटतात. शेवटचं म्हणजे, बाजारात आलेल्या कॅसेट-सीडींत मधले विराम कधी कधी कापलेले असतात आणि तुम्ही कुमारांऐवजी संपादकाचा दम मोजत बसता.

एवढं सांभाळून मोजलं तरी तुकड्याची लांबीच कळते. तो तुकडा नेमका कुठं तोडलाय, हे फुफ्फुस सांगत नाही. कुमार थांबतात तिथं तंबोरा बोलत असतो, आणि तंबोरे जुळवण्यावर त्यांनी किती जीव टाकला हे त्यांच्याबरोबर बसलेले सगळेच सांगत आले आहेत. देवासला अंथरुणावर पडून कानावर आलेली माळव्याची लोकगीतं, त्या धुनांतून काढलेले मालवती, लगनगंधारसारखे राग, नाथपंथी गायकांकडून आलेली निर्गुणी भजनं, यांचा हिशेब एका फुफ्फुसावर कसा लावणार? आजारानं त्यांना देवासात आणून पाडलं. त्या अर्थानं किस्सा खरा आहे, पण लोक लावतात तो अर्थ वेगळा.

बायकांच्या किश्श्यांचा साचा निराळा, आणि तो मला खटकतो. पुरुष गवयाचं वेड म्हणजे व्यासंग, बाईचं वेड म्हणजे लहर. किशोरी आमोणकरांबद्दल सांगितलं जाणारं ऐका: चिडल्या, उठून गेल्या, कोणाला सुनावलं. मागण्या काय होत्या ते पाहा: मैफलीपूर्वी एकांत, नीट लागलेला ध्वनी, गाताना समोर कुजबूज नको. ज्याला भूप रागातला गंधार मनासारखा लावायचाय त्याची ही किमान गरज आहे. हेच एखाद्या खाँसाहेबांनी मागितलं की 'पुराने लोग, तबियतीचे' म्हणतात. बालगंधर्वांचंही तसंच. त्यांचं लुगडं, दागिने, केशरचना यांची नक्कल घराघरांत झाली, कंपनीचं डोंगराएवढं कर्ज प्रेक्षकांनी पोटात घातलं, पण गोहर कर्नाटकी आयुष्यात आल्या ते नाही. त्या स्वतः नावाजलेल्या गायिका होत्या, गंधर्व ढंगाच्या त्यांच्या रेकॉर्डी होत्या, हे त्या चर्चेत येतच नाही.

केसरबाई केरकरांची गंमत आणखी वेगळी. गोव्यातल्या केरीचा जन्म, रेडिओला नकार, ध्वनिमुद्रणाबद्दल कमालीची नाखुशी. आणि त्यांचंच गाणं 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. भैरवीतलं 'जात कहां हो', साडेतीन मिनिटं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात कधी नासा त्यांना बोलावतं, कधी त्या खास गातात. प्रत्यक्षात ती जुनी रेकॉर्ड होती, आणि तिची प्रत मिळेना म्हणून धावपळ झाली होती. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धूळ खात पडलेल्या खोक्यात ती सापडली. व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबर 1977 ला उडालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. खरी हकीकत फिरणाऱ्या थापेपेक्षा कितीतरी रंगतदार आहे, पण ती शोधायला दहा मिनिटं लागतात.

'अमुक बुवा काय वरच्या पट्टीत गायचे' हा किस्साही तपासून घ्या. जुन्या तबकड्या सगळ्या बरोबर 78 फेऱ्यांवर कापलेल्या नसत. 74 वर कापलेली तबकडी 78 वर वाजवली की आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो: पेटीच्या भाषेत पांढरी पाचचा गवई काळी चारचा होतो आणि 3 मिनिटं 20 सेकंदांचं गाणं 10 सेकंद आधी संपतं. तान जास्त चपळ वाटते, आवाज कोवळा वाटतो. साथीला पेटी असली तर ती एरवीपेक्षा किरटी लागते का ते ऐका. हा वेग चुकल्याचा पहिला सुगावा.

राहिली गोष्ट नवे किस्से जमवण्याची, कारण जुने साथीदार अजून आपल्यात आहेत. गवयाच्या नातेवाइकापेक्षा तबलजी, पेटीवाले आणि मागं तंबोऱ्यावर बसलेले शिष्य जास्त कामाचे. त्यांना 'बुवा कसे होते' असं विचारू नका, ठरलेलं भाषण मिळेल. राग कोणता, ताल कोणता, पट्टी कोणती, समोर किती माणसं, माइक होता का, मध्यंतरात काय खाल्लं, परत कोणत्या गाडीनं गेलात, असं विचारा. साल आठवत नसेल तर घरातलं लग्न, पानशेतचा पूर, आणीबाणी अशा खुणा द्या. आठवण बरोबर जागेवर येते. फोन माणसापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा, पंखा बंद करा, आणि सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं उच्चारा. गौहरजाननं नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्याला रेकॉर्ड केली तेव्हा गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना लेबल कोणाचं लावायचं ते कळायला हवं होतं. तुमच्या फोनमधल्या फाइलचं नावही 'न्यू रेकॉर्डिंग 14' असंच असणार आहे.