तुम्ही विचारलंत म्हणून: माळवद का उतरवलं?

घरी पहिल्यांदा आलेलं माणूस चहाचा कप हातात घेतं, वर बघतं आणि हटकून विचारतं, "भिंती एवढ्या दगडी, हातभर जाड, आणि वर पत्रे? इथं माळवद असणार की हो. उतरवलं कशाला?" उन्हाळ्यात कोणी आलं तर प्रश्नात थोडी कीवही असते. सोलापूरचा मे महिना, पारा ४४ अंशांवर, पत्रा असा तापलेला की खाली बसवत नाही. दोन गल्ल्या सोडून एका वाड्यात अजून माळवद आहे, तिथं भर दुपारी माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. हे मला माहीत आहे. त्या गारव्यातच मी वाढले. आजवर "जुनं झालं होतं, गळत होतं" एवढंच सांगून मी वेळ मारून नेली. ते खरं नाही. आमचं माळवद थेंबभरही गळत नव्हतं.

ज्यांनी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि फळ्या, त्यावर तुराट्यांचा किंवा पाल्याचा थर, त्यावर भुसा घालून तुडवलेला चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही माती शेतातली नाही. जुन्या पडक्या गढीची, गावठाणाच्या पांढरीची. तिच्यात गवत सहसा धरत नाही, आणि चोपून बसवली की पाणी वरच्या वर पन्हाळातून निघून जातं. पण पावसाळ्यात ती थोडी वाहून जाते, उन्हात भेगाळते. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी वर नवीन माती टाकायची. जुनी कोणी काढत नाही. आजोबांच्या थरावर वडिलांचा थर, त्यावर आपला.

माझी आत्ती तेरणेच्या काठच्या एका गावात दिलेली. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. मे महिन्याची सुट्टी मी तिच्याकडे काढायची, आणि त्या सुट्टीतलं ठरलेलं काम म्हणजे माळवदावर माती चढवणं. मामा, म्हणजे आत्तीचे मालक, बैलगाडीतून गढीची माती आणून अंगणात ओतायचे. आत्ती खोऱ्यानं पाट्या भरून द्यायची आणि आम्ही पोरं डोक्यावर चुंबळ ठेवून शिडीनं वर. साण्याभोवती, म्हणजे धूर-उजेडासाठी छतात ठेवलेल्या भोकाभोवती, जपून टाकायची, नाहीतर खाली चुलीवरच्या कालवणात माती. मी दमून बसले की आत्ती खालून म्हणायची, "अजून दोन पाट्या टाक, माये. आभाळाचा काय भरवसा." तिला भीती आभाळाची होती. जमिनीची भीती त्या गावात कोणाला असायचं कारणच नव्हतं.

नव्हतं, हेही पूर्ण खरं नाही. १९९२ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरातही किल्लारीच्या पट्ट्यात धक्के बसत होते. दिवाळीला आत्ती आली तेव्हा म्हणाली होती, जमिनीच्या पोटात गुरगुरतंय, भांडी वाजतात. चार रात्री ते अंगणात झोपले. मग थंडी पडली, धक्के थांबले आणि सगळे आत गेले. त्यांना दोष देता येत नाही. सरकारच्या तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशातही तो भाग पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या रंगात होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. सोलापुरातल्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या, लेझीम बघून आम्ही दमून झोपलो होतो. मी एकोणीस वर्षांची. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जाग आली ती आवाजानं नाही, तोंडावर माती पडल्यानं. फळ्यांच्या फटीतून बारीक, कोरडी माती गळत होती, पिठाची चाळण हलवल्यासारखी. ओठांवर तिची खारट चव. मग ऐकू आलं: मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटत होते आणि घराच्या बाहेरून कुठून तरी मोठा ट्रक जवळ येत असल्यासारखी घरघर. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला दंडाला धरून बोळात ओढलं. बोळात सगळेच. शेजारच्या पद्मशाली आजी नातवाला कडेवर घेऊन तेलुगूत देवाचा धावा करत होत्या, कोणी कानडीत ओरडत होतं, कोणी नुसतंच रडत होतं. आमच्या गल्लीत कोणाला खरचटलंसुद्धा नाही. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत पंच्याऐंशीएक किलोमीटर.

सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव आलं, सास्तूरचं आलं. आत्तीच्या गावाचं नाव आलं नाही, म्हणून आईनं देवापुढं साखर ठेवली. दुपारपर्यंत सिव्हिल हॉस्पिटलकडे जखमींच्या गाड्या यायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर गावांची नावंही. आप्पा आणि काका मिळेल त्या टेम्पोनं उमरग्याकडे निघाले. मला नेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आप्पा परत आले. पाऊस लागला होता, अंगावरचे कपडे चिखलानं कडक झाले होते. ते न्हाणीत हात धूत उभे राहिले. मी पाणी घालत होते. नखांत पांढरी माती गच्च बसलेली, निघत नव्हती. ती माती मी ओळखली. मामा वाचले होते, रात्री राखणीला शेतात होते. आत्ती आणि तिची सासू घरात होत्या.

आप्पा गिरणीत साचेखात्यात होते, यंत्र कुठं तुटतं हे बघायची त्यांच्या डोळ्याला सवय. बऱ्याच दिवसांनी एकदा ते बोलले. म्हणाले, भिंती कोसळल्या असं आपण म्हणतो, पण त्या पोटातून फुटल्या. आमच्या भागातली जाड दगडी भिंत बघताना एकसंध वाटते, पण ती असते दोन भिंतींची. बाहेरून एक दर्शनी दगडांची ओळ, आतून दुसरी, मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. दोन्ही ओळींना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड गवंड्यानं घातलाच नाही तर त्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. जमीन आडवी हलली की पोट फुगतं, आतली ओळ आत पडते, बाहेरची बाहेर. आणि डोक्यावर असते ती पिढ्यान्‌पिढ्यांची माती. काही घरांत लाकडी खांब आणि तुळया तग धरून उभ्या होत्या, फक्त भिंती बाजूला गळून पडल्या होत्या. त्या घरांतली माणसं वाचली होती. जिथं तुळया थेट भिंतीवर टेकवलेल्या, तिथं काहीच उरलं नव्हतं.

६.२ तीव्रतेचा भूकंप, केंद्र जेमतेम दहा-बारा किलोमीटर खोल. लातूर आणि उस्मानाबादेतली बावन्न गावं जमीनदोस्त झाली. सरकारी हिशेबातच जवळपास आठ हजार माणसं गेली. एवढ्याच ताकदीच्या भूकंपात जगात इतरत्र सहसा एवढी माणसं मरत नाहीत. भूकंप मध्यम होता. वेळ पहाटेची, झोपेची होती, आणि घरं तशी होती.

१९९४ च्या उन्हाळ्यात आप्पांनी आमचं माळवद उतरवायला काढलं. गल्लीतल्या जाणत्या माणसांनी समजावलं, इथं काही पडलं नाही, कशाला वाड्याची रया घालवता. आप्पांनी ऐकलं नाही. गड्यांनी पहिली कुदळ घातली तेव्हा मी वर होते. माती कापली गेली आणि तिच्या कडेला थर दिसले, वहीची पानं दिसतात तसे. एक पिवळसर, एक राखाडी, मध्ये कोळशाचे कण, एका थरात हिरव्या काकणाचा तुकडा. आप्पांनी टेप लावली. दीड फूट. मग तिथंच बसून कागदावर हिशेब मांडला. पुढची खोली पंधरा बाय बारा, म्हणजे १८० चौरस फूट, दीड फुटानं २७० घनफूट. एक घनफूट मातीचं वजन साधारण ४५ किलो. एका खोलीवर बारा टन. आणि तेही कोरडी असताना. त्या बारा टनांखाली आम्ही पाच जणं रोज अंथरुणं टाकत होतो.

रात्री मी दुसरा एक हिशेब केला. पाटी दहा किलोची धरली तर शंभर पाट्यांचा एक टन होतो. एका सुट्टीत मी तेवढ्या सहज वाहिल्या असतील. अशा सहा सुट्ट्या. हा हिशेब मी त्यानंतर कितीतरी वर्षं कोणाला सांगितला नाही. मामांना तर कधीच नाही.

"मग स्लॅब का नाही टाकला?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मातीत बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा स्लॅब ठेवणं म्हणजे कमजोर खांद्यावर आणखी मोठं ओझं. भूकंपानंतर पाहणीला आलेल्या एका तरुण इंजिनिअरनं आप्पांना हे समजावलं होतं. त्यानंच भिंतीत ठिकठिकाणी एकेक दगड काढून आरपार भोक पाडायला, त्यात सळई घालून काँक्रीट भरायला सांगितलं. दर तीन-चार फुटांवर एक. आमच्या दर्शनी भिंतीवर गोल सिमेंटचे ठिपके दिसतात ते हेच. ते डागडुजीचे नाहीत. खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला वेढून गेलेला पट्टा त्यानंतरचा, पैसे साठले तसा केलेला. पत्रे नळ्यांना हुकांनी आवळलेले आहेत, वर दगड ठेवून दाबलेले नाहीत. वळवाच्या वाऱ्यात पत्र्यावरचा दगड खाली कोणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही.

अलीकडे मातीच्या घरांचं कौतुक करणारी तरुण मंडळी येतात, फोटो काढतात, आमच्या पत्र्यांकडे बघून हळहळतात. मी मातीच्या विरोधात नाही. माती गार असते, स्वस्त असते, आपली असते. माझं म्हणणं तिच्या जाडीबद्दल आहे आणि भिंतीच्या पोटाबद्दल आहे. आमच्या शेजाऱ्यांनी तेव्हाच सगळी माती उतरवून वीतभरच परत घातली, मध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला. तीस वर्षं झाली, दरवर्षी माती चढवावी लागत नाही आणि घरही बऱ्यापैकी गार आहे. कोणी विचारलं तर मी त्यांच्याकडे घेऊन जाते.

आणि हे फक्त भूकंपाचं नाही. १४ ऑक्टोबर २०२० च्या त्या पावसात पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत पडून सहा माणसं गेली, जमीन तसूभरही हलली नव्हती. गेल्या सप्टेंबरात, २०२५ ला, सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली. माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एकीचं माहेर त्यात. पाणी उतरलं, घर उभं होतं, सगळ्यांनी देवाचे आभार मानले, आणि तिसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडल्यावर मागची भिंत बसली. पाण्यानं आतली माती सैल झालेली असते. ऊन पडलं की माणसं सामान वाळवायला आत जातात, आणि तीच वेळ वाईट. सुदैवानं सगळे अंगणात होते. तिला मी आधीच फोन करून सांगितलं होतं की आठ दिवस आत झोपू नका. तिच्या वडिलांना ते पटलं नव्हतं, पण लेकीच्या हट्टापुढं ऐकलं.

३ एप्रिल २०२५ ला सांगोल्याकडे २.६ चा बारीक धक्का बसला. बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी ऑफिसात होते. कोणी हसलं, कोणी म्हणालं मला तर काही कळलं नाही. मी आईला फोन लावला.

कारण एक खोली अजून तशीच आहे, आणि हे मी आलेल्या पाहुण्यांना दाखवत नाही. मागची, न्हाणीला लागून असलेली. आप्पांचा पैसा पुढच्या तीन खोल्यांत संपला आणि गिरणीचा पगारही पुढं अनियमित झाला. नंतर माझ्या हातात पैसा आला तेव्हा आईनं हात लावू दिला नाही. तिला उन्हाळा सोसायचा नाही. दरवर्षी गुढीपाडवा झाला की ती आपलं अंथरूण मागच्या खोलीत न्यायची आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. मी आत्तीचं नाव घ्यायची. ती म्हणायची, "मला गार लागतं गं इथं. माझं काय राहिलंय आता." शेवटी मी तिच्या कॉटच्या चार कोपऱ्यांना लोखंडी नळ्या उभ्या करून वर जाड जाळीची चौकट ठोकून घेतली, तुळईखाली दोन टेकू दिले. त्या पिंजऱ्यात ती वीस उन्हाळे शांत झोपली. तिला काही झालं नाही, हे खरंच आहे. तिचं म्हणणं चुकलं असं मला कधी सिद्ध करता आलं नाही, आणि रात्री दोनला उठून मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहायची तेही कधी सुटलं नाही.

गेल्या आषाढात आई गेली. अंथरुणाला खिळून, वयानं.

परवा गवंडी येऊन बघून गेला. साण्यातून हात घालून त्यानं जाडी मोजली आणि म्हणाला, "दीड हात भरतंय, ताई. पुढच्यापेक्षा जास्तीच." दिवाळीनंतर काढायला येतो म्हणालाय. तोवर कॉट बाहेर घेतलीय आणि त्या खोलीला कडी लावलीय.