भेकर खाली का उतरतं

परवा रात्री साडेदहाला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, वरच्या अंगाला भेकर (छोटं हरीण) ओरडलं, इतकं जवळ की आईला वाटलं कुत्रंच भुंकतंय. सकाळी शेजारचे काका म्हणाले, "हल्ली सत्तरीत जनावर वाढलंय बघ." हे मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी वाईट वाटतं. नुसतं दिसतं म्हणजे वाढलं असं नसतं ना, वरची जागा गेली म्हणून ते आपल्या दारात आलंय.

आजोच्या वेळी आमच्या डोंगरउतारावर कुमेरी, म्हणजे फिरती शेती, व्हायची. नाचणी घेऊन झाली की तो तुकडा काही वर्षं पडीक, मग त्यावर गवत, झुडपं, कोवळा पाला, मेरू म्हणजे सांबर आणि भेकर दोघांचंही भागायचं. आता तिथे सलग काजू आहेत. दाट काजूखाली गवत धड होत नाही, शिवाय काजूची बोंडं गोळा करायला सोपं जावं म्हणून सीझनच्या आधी खालचं रान साफ करून पाचोळा जाळतात, आम्हीपण जाळायचो. भेकर बहुतेक एकटं फिरणारं, झुडपात लपून जगणारं, उघड्यावर ते थांबणार कसं? मग व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला जी थोडी दाटी उरलीय ती धरून ते खाली येतं. एप्रिल-मेमध्ये वरचे झरे आटले की मेरूपण रात्री तिथेच उतरतो. डोंगरभर पसरलेल्या वाटा होत्या, त्यातल्या एक-दोन उरल्या.

आणि शिकार करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पूर्वी पारधीला माणसं लागायची, कुत्री, हाकारे, अख्खा दिवस जायचा आणि तरी हात हलवत परत यायचे. आता बाइकच्या क्लच वायरचे चार फास त्या एका वाटेवर लावले की झालं. डुकरासाठी लावलाय म्हणतात, पण वायरला काय कळतंय, भेकर अडकतं, बिबट्यासुद्धा अडकतो. १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, इथलं म्हादई अभयारण्य १९९९ ला झालं, दोनशेच्या वर चौरस किलोमीटर, पण रात्री व्हाळात कोण बघायला येतंय!

मार्च २०२३ मध्ये म्हादईत आगी लागल्या तेव्हा मी कितीतरी रात्री झोपलो नाही. आणि जानेवारी २०२० ला सत्तरीतल्याच गोळावली गावात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले ते तर विसरताच येत नाही. वाघाने गुरं मारली होती, त्यावरून झालं ते. भेकर-मेरू फासात संपवायचे आणि वाघाने गोठ्याकडे बघू नये म्हणायचं, हे कसं जमणार?

दोन वर्षं झाली, आम्ही व्हाळाच्या दोन्ही बाजूंना वीसेक पावलं रान साफ करायचं सोडलंय, जाळतपण नाही. काजू थोडे कमी मिळतात, बाबा कुरकुरतात. गेल्या महिन्यात तिथेच दोन फास सापडले, मी हात न लावता फोटो काढले आणि वनखात्याला फोन केला. काल सकाळी ओल्या मातीत भेकराचे खूर उमटले होते, बाबाच मला हाक मारून दाखवायला घेऊन गेले.