तर्जनीवरची पाळत

एक ज्येष्ठ स्नेही मोठ्या आजारातून उठले होते आणि मी त्यांना भेटायला गेलो होतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आपल्याला काय काय आठवले ते सांगण्यात ते रंगलेले असताना माझ्या मनगटावरचे घड्याळ थरथरले आणि सवयीने माझी नजर खाली गेली. कुठल्याशा ॲपने आपली नवी आवृत्ती आल्याचे कळवले होते. मान वर केली तेव्हा त्यांचे बोलणे थांबलेले होते. “तुम्हाला घाई असेल तर निघा,” ते म्हणाले, आणि त्यात राग मुळीच नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मी वेळ पाहत नव्हतो असे मी शपथेवर सांगितले असते तरी ते पटणे कठीण होते, कारण समोरचा बोलत असताना मनगटाकडे पाहण्याचा अर्थ सगळ्यांना एकच ठाऊक आहे आणि घड्याळ स्मार्ट झाले म्हणून तो बदललेला नाही.

पुढे काही आठवड्यांनी चार वर्षे वापरलेले ते स्मार्टवॉच मी खणात ठेवले आणि स्मार्ट रिंग, म्हणजे नाडी आणि झोप यांची नोंद ठेवणारी अंगठी, घेतली. तिला आता वर्ष होऊन गेले आहे. ती बोटात दिसली की घड्याळापेक्षा हिचा काही जास्त उपयोग आहे का, असे कोणी ना कोणी विचारतेच. प्रश्न साधा आहे, पण दिवसाचे उत्तर वेगळे आणि रात्रीचे वेगळे असल्यामुळे मला दर वेळी थोडे अडखळायला होते.

अंगठी म्हणजे छोटे केलेले घड्याळ, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. फिनलंडमधील औलू शहरात 2013 मध्ये सुरू झालेल्या औरा या कंपनीने आपल्या पहिल्या अंगठीसाठी इंटरनेटवरून लोकांकडून पैसे उभे केले ते 2015 मध्ये, आणि ॲपलचे घड्याळ बाजारात आले तेही त्याच वर्षी. म्हणजे दोघे समवयस्क आहेत. मात्र घड्याळाने फोनची कामे उचलली आणि अंगठीने सुरुवातीपासून झोपेचा विषय धरला. सॅमसंगने 2024 मध्ये आणलेली अंगठी मापानुसार 2.3 ते 3 ग्रॅम भरते. तिच्यातील बॅटरीची क्षमता 20 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, तर स्मार्टवॉचची सहज 300 किंवा त्याहून अधिक. तरीही अंगठी आठवडाभराच्या आसपास चालते आणि अनेक घड्याळे दीड-दोन दिवसांत माना टाकतात, कारण अंगठीला उजळणारा पडदा नाही. जे नाही त्याच्यावर ती जगते.

तिचे काम कसे चालते ते मला एका रात्री अंधारात कळले. अंगठी थोडी सैल होऊन फिरली होती आणि पांघरुणाखाली बोटाच्या कडेने हिरवा उजेड झिरपत होता. अंगठीच्या आतल्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढे दोन-तीन उंचवटे असतात आणि त्यांतून हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्वचेत सोडला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात रक्ताची लाट येते, त्या क्षणी प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत कमी येतो. या कमीजास्त होण्यावरून नाडी मोजली जाते, दोन ठोक्यांमधले अंतर किती बदलते हे काढले जाते आणि रक्तातील ऑक्सिजनचा अंदाजही बांधला जातो. घड्याळाची पद्धत हीच आहे, पण त्याची जागा अडचणीची आहे. मनगटाच्या पाठीवर हाडे, शिरा आणि केस यांची गर्दी असते. बोटाच्या धमन्या मात्र तळव्याच्या बाजूने दोन्ही कडांना, त्वचेपासून फारशा खोल नसतात. जपानमधील अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास ज्या पल्स ऑक्सिमीटरची कल्पना मांडली, त्याचा चिमटा रुग्णालयात आजही बोटालाच लावतात. स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी टिपण्यात अंगठी घड्याळाला हार जात नाही, याचे कारण हे इतके साधे आहे.

कोणत्या बोटात घालावी, हाही प्रश्न असतो. शोभेची अंगठी बहुधा अनामिकेत, म्हणजे जिला स्वतःचे नावही मिळाले नाही अशा बोटात बसते. ही अंगठी मात्र शक्यतो तर्जनीत घाला असे सांगतात, कारण तिथे संकेत चांगला मिळतो. तर्जन म्हणजे दटावणे. रोज सकाळी ‘काल उशीर केलात’ असे सुनावणाऱ्या वस्तूला याहून योग्य बोट सापडले नसते.

तर रात्र हे अंगठीचे राज्य आहे. घड्याळ घालून झोपणे मला कधी जमले नाही. कूस बदलताना ते गालाला लागायचे, पट्ट्याखाली घाम यायचा, आणि दिवसभर वापरल्यावर त्याला चार्जिंगला लावण्याची वेळ नेमकी निजण्याची असायची, त्यामुळे झोपेची नोंद हवी तेव्हाच ते टेबलावर पडलेले असायचे. पंधरवडाभर टिकणारी घड्याळे आहेत हे मला ठाऊक आहे, पण ती आकाराने अशी असतात की उशीखाली दगड ठेवल्यासारखे वाटते. अंगठी दोन रात्रींनंतर मी विसरून गेलो. ती रात्रभर त्वचेचे तापमानही मोजते आणि आकडा सांगण्याऐवजी तुमच्या नेहमीच्या पातळीपेक्षा आज किती फरक आहे ते दाखवते. हा मला तिचा सर्वांत शहाणा गुण वाटतो. एकदा सकाळी उठलो तेव्हा मी ठणठणीत होतो, पण तापमान नेहमीपेक्षा 0.8 अंशाने वर आणि झोपेतील नाडी नऊ ठोक्यांनी जास्त असल्याचे तिने दाखवले. मी तिला वेड्यात काढून कामाला लागलो आणि संध्याकाळी घसा धरला. स्त्रियांच्या मासिक चक्रात बीजविमोचनानंतर शरीराचे तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंशांनी वाढते, आणि रोज न विसरता थर्मामीटर लावण्यापेक्षा हा बदल बोटावरून आपोआप नोंदला जाणे कितीतरी सोयीचे आहे.

एवढे कौतुक केल्यावर तिची लबाडीही सांगायला हवी. झोपेच्या अवस्था खऱ्या अर्थाने ओळखायच्या तर डोक्याला विद्युत्-संवेदक लावून मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. अंगठीला मेंदू दिसत नाही. ती हालचाल, नाडी आणि तापमान यांवरून तर्क करते आणि तो तर्क मिनिटांच्या हिशेबात, रंगीत आलेख काढून, अशा थाटात मांडते की जणू ती रात्रभर उशाशी बसून होती. एका रात्री मी एक जाड पुस्तक छातीवर टेकवून दीड वाजेपर्यंत वाचत पडलो होतो. पान उलटण्याचे काम डाव्या हाताकडे होते आणि अंगठी उजव्या हातात होती. सकाळी तिने मला अकराला झोपल्याबद्दल शाबासकी दिली. उलट प्रकारही होतो. ताजातवाना उठलेला मी, तिने माझ्या झोपेला दिलेला ‘61’ हा गुण पाहिल्यावर दुपारपर्यंत जांभया देत बसलो, हे मी स्वतः अनुभवले आहे. परिपूर्ण झोपेच्या आकड्यापायी झोप घालवणाऱ्यांसाठी संशोधकांनी 2017 मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्द घडवला, तेव्हा हा माझा एकट्याचा बावळटपणा नाही एवढाच दिलासा. आता मी रोजचा गुण पाहत नाही, आठवड्याची रेघ वर चालली आहे की खाली, एवढेच पाहतो.

दिवस उजाडला की अंगठीचे तेज उतरते. तिला जीपीएस नाही, म्हणून धावणाऱ्याने फोन खिशात बाळगावा. धावताना वेग किंवा नाडी पाहायची तर पाहायला पडदा नाही. मूठ आवळली की मोजमाप बिघडते, म्हणजे वजने उचलणे किंवा सायकल चालवणे अशा नेमक्या व्यायामाच्या वेळी तिचे आकडे डळमळतात. डंबेलच्या दांड्यावर ती खरवडते आणि बोटाच्या मुळाशी घट्टा पाडते. फिरत्या यंत्रावर काम करणाऱ्याने तर ती, किंबहुना कोणतीही अंगठी, घालूच नये. तिथे प्रश्न बोटाचाच असतो. घड्याळाकडे 2018 पासून हृदयाचा विद्युत् आलेख (ईसीजी) काढण्याची सोय आली, पडल्याचे ओळखून मदतीला फोन लावण्याची सोयही आली. घरात एकटे राहणाऱ्या वयस्कर माणसासाठी अंगठी घ्यावी का, असे मला कोणी विचारले तर मी क्षणभरही न थांबता घड्याळ घ्या म्हणतो. आणि सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो असा दावा करणारे यंत्र, मग ते मनगटावरचे असो की बोटातले, घेऊच नका असेही सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये नेमका हाच इशारा दिला होता.

माझी खरी तक्रार तिच्या आयुष्याविषयी आहे. धातूचे कडे आणि आतले रेझिन यांच्यामध्ये वाकवून बसवलेली बॅटरी काढता येत नाही, कारण अंगठी उघडतच नाही. घेतली तेव्हा माझी अंगठी सहा दिवस पुरत असे, आता चौथ्या दिवशी ती क्षीण होते आणि दोनेक वर्षांत तिचा जीव जाईल हे दिसते आहे. घड्याळाची बॅटरी खटपट करून का होईना बदलून मिळू शकते. अंगठी या वस्तूकडून माणसाची अपेक्षा ती बोटाला पुरून उरावी अशी असते. इथे बोट अंगठीला पुरून उरते. त्यात काही कंपन्या तुमच्याच झोपेचा तपशील तुम्हाला दाखवण्यासाठी दरमहा वर्गणी मागतात, आणि ती थांबवली की तुम्ही कसे झोपलात हे त्यांना ठाऊक असते, तुम्हाला नसते. अंगठी घ्यायचीच असेल तर रंग आणि चकाकी पाहण्याआधी ही वर्गणी आहे की नाही ते पाहावे.

इतके असूनही खणातले घड्याळ मी परत काढलेले नाही. धावणे मी कधीच सोडले आहे, चालायला मला नकाशा लागत नाही, आणि मला हवी होती ती रात्रीची नोंद अंगठी देते, शिवाय दिवसभर गप्प बसते. ज्याला व्यायामाचा हिशेब हवा आहे किंवा हृदयावर लक्ष ठेवायचे आहे, त्याच्यासाठी ही अदलाबदल तोट्याची ठरेल. दोन्ही एकदम वापरणारेही आहेत. त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक वाटते, पण स्वतःची इतकी विचारपूस मला झेपणार नाही.

त्या स्नेह्यांकडे मी पुन्हा गेलो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची हकिकत त्यांनी या वेळी पुरी केली, मग माझी काही सांगून झाली आणि उठलो तेव्हा अडीच तास उलटले होते, हे त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाने सांगितले. रात्री फोनवर अंगठीचे ॲप उघडले. खुर्चीतून न हलता काढलेल्या त्या अडीच तासांत अंगठीने माझ्या नावावर साडेसहाशे पावले लिहिली होती. बोलताना मी हात फार हलवतो.